नर्सबाईच्या घरची माणसे

श्रोतेहो, आज मी तुम्हांला माझ्या आजीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. ती कोणी मोठी पुढारी नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात तिने १९५३ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, नर्सचे काम केले. दोन मुले वाढवली, चार नातवंडे खेळवली आणि २०२२ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ती गेली. वाड्यावस्त्यांवरची माणसे तिला ‘नर्सबाई’ म्हणत. तिचे खरे नाव पुष्कळांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हते.

पाटणचा मुलूख डोंगराचा. पावसाळ्यात ओढे तुडुंब भरत आणि वरच्या वाड्यांची वाट बंद होई. रात्री-अपरात्री कोणी कंदील घेऊन दारात उभा राही. “नर्सबाई, चला, बाई अडलीया” एवढेच त्याचे बोलणे. आजी पिशवी उचली आणि निघे. पिशवीत कात्री, उकळून घेतलेला दोरा, कापूस, साबण आणि एक टॉवेल, एवढेच सामान असे.

त्या काळी बाळंतपण घरच्या सुईणीच्या हातून होई. नाळ कापायला विळा घेत आणि वर राख नाही तर शेण लावीत. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. नाळेच्या ओल्या जखमेतून ते बाळाच्या अंगात शिरत. पाच-सात दिवसांनी बाळ दूध ओढीनासे होई, जबडा आवळला जाई, अंगाची कमान होई. लोक म्हणत, “सटवीनं नेलं.”

पहिल्या वर्षी आजीच्या देखत असे एक मूल गेले. तिला निरोप सातव्या दिवशी मिळाला होता. तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. ती सांगे, “त्या दिवशी मी सुईणीवर खूप रागावले. त्याचा परिणाम काय झाला? दोन महिने मला त्या वाडीत कोणी बोलावलंच नाही.” सुईण गावभर म्हणत होती, “आमच्या हातनं निम्मं गाव जल्मलं, आन् ही कालची पोर आमाला शिकवतीया!”

मग आजी स्वतः होऊन सुईणीच्या घरी गेली. म्हणाली, “मावशी, हात तुमचा, पाणी माझं. तुम्ही बाळ घ्या, मी फक्त कात्री न् दोरा उकळून देते.” पाचवीच्या पूजेलाही तिने कधी नावे ठेवली नाहीत. पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडणाऱ्या बायांना ती म्हणे, “सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कागद कोरा ठेवता ना? तशी नाळही कोरी ठेवा. राख नको, शेण नको.” हे बायांना पटले. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एवढे एक वाक्य मला शिकवण्याच्या कामात फार उपयोगी पडले आहे. माणसाच्या घरात जे आधीपासून आहे, तिथूनच नवे सांगायला सुरुवात करावी.

पुढे गर्भवतीला धनुर्वाताची लस टोचू लागले, दवाखान्यात बाळंतपणे होऊ लागली. २०१५ साली बाळबाळंतिणींच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली. ती शहाऐंशी वर्षांची होती. बराच वेळ गप्प बसली आणि मग त्या पहिल्या मुलाच्या आईचे नाव घेऊन म्हणाली, “तिला हे कळायला हवं होतं.”

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल, धन्य ती माउली. पण याच गोष्टीची दुसरी बाजू माझ्या आईजवळ आहे.

आजोबा मुंबईला गिरणीत होते. वर्षातून दोनदा येत. आजी रात्री बाहेर पडली की घरात माझी आई आणि तिचा धाकटा भाऊ, अशी दोनच माणसे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, हजारो घरे पडली. आई तेव्हा दहा वर्षांची होती, मामा चार वर्षांचा. घराची मागची भिंत पडली. आजीने दोघांना बाहेर काढले, एका घोंगडीत गुंडाळून आंब्याखाली बसवले आणि आईला सांगितले, “याचा हात सोडू नकोस.” मग पिशवी घेऊन ती गेली, ती दिवेलागणीला परतली. दिवसभर जमीन मधूनमधून हादरत होती. शेजारच्या म्हातारीने दोघांना भाकरी दिली. आईने भावाचा हात सोडला नाही. त्याला आडोशाला न्यायचे तरी धरूनच नेले.

आई म्हणे, “ती सगळ्या गावाची आई होती. आम्हांला उरलेल्या वेळची मिळाली.” एकदा तिने हे आजीच्या तोंडावर म्हटले. आजी म्हणाली, “तुझ्या भावाजवळ तू होतीस. तिकडे दगडाखाली सापडलेल्यांजवळ कोणी नव्हतं गं.” आई म्हणाली, “मी दहा वर्षांची होते.” त्यावर आजी काही बोलली नाही.

१९८४ साली माझा जन्म झाला तेव्हा आजीने सव्वा महिन्याची रजा काढली. इतकी सलग रजा तिने आधी कधी घेतली नव्हती. मला न्हाऊमाखू घातले, आईला शेकशेगडी केली, डिंकाचे लाडू केले. कोणी बोलावायला आले तर दारातूनच दुसऱ्या नर्सचा पत्ता सांगे. आई म्हणते, “तो सव्वा महिना मला माझी आई मिळाली.” सगळी भरपाई झाली असे ती म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही.

२०२१ साली करोनाच्या लशीसाठी आम्ही आजीला केंद्रावर नेले. टोचणारी मुलगी कोवळी होती, सकाळपासून उभी होती. आजीने बाही वर केली आणि तिला विचारले, “पोरी, तुझं लेकरू कोणाजवळ ठेवलंयस?” त्या मुलीचे डोळे भरून आले. माझ्या आईने ते ऐकले आणि ती आजीकडे बघतच राहिली.

श्रोतेहो, तोच प्रश्न मी तुमच्याजवळ ठेवते. तुमच्या गावात नर्स आहे, आशाताई आहे. अडलेल्या बाईबरोबर ती रात्री दवाखान्यात जाते, तेव्हा तिचे घर कोण बघते? तिच्या मुलांना दोन घास घालणे, रात्री आपल्या घरी झोपायला बोलावणे, एवढे शेजारधर्माने होण्यासारखे आहे. आणि शिक्षकांनो, अशा घरचे मूल एखादे दिवशी उशिरा आले, गृहपाठ न करता आले, तर रागावण्याआधी त्याला विचारा, “काल रात्री आई घरी होती का?” माझ्या आईला हे शाळेत कोणी विचारले नाही.

नर्सबाईंचे उपकार गाव बोलून दाखवते. ते फेडायचे असतील, तर ते तिच्या घरच्या माणसांकडे फेडावेत.