कॉलरवरून ओळखा स्वार



साल 1813.
प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम
नेपोलियनविरुद्ध लोकसेना उभारतो...
तिचं नाव लांडवेअर.

तिजोरीत मात्र खडखडाट!
म्हणून तिच्या घोडदळाच्या गणवेशाचा बराच भार
जिल्ह्यांवर आणि खुद्द स्वारांवर.

अंगात लांब, साधा, गडद निळा कोट...
त्याला म्हणत लिटेव्का.
टोपीवर धातूचा क्रूस.
हातात भाला.

आणि प्रांत?
तो कॉलरवरून ओळखायचा.
पिवळी कॉलर सायलेशियाची...
पांढरी पोमेरेनियाची.
लक्षात ठेवा, ओळख कॉलरवरून!

अर्थात, हे सगळं कागदावर.
प्रत्यक्षात मिळेल ते कापड,
मिळेल ते हत्यार.
शत्रूकडून, म्हणजे फ्रेंचांकडून जिंकलेलं सामानसुद्धा
बिनदिक्कत वापरलं जाई.
मला तर या नियमांपेक्षा
ही जुळवाजुळवच जास्त आवडते.

कापडही स्वस्तातलं...
पावसात भिजलं, की आटायचं.