शाळेंत आधीं काय ठरवावें?



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयीं दोन शब्द बोलतों.

दांडीचा तांडेल कोणत्या मासळीसाठीं जावयाचें, हें आधीं ठरवितो. मग जाळें निवडतो. शाळेंत मात्र आपण आधीं पुस्तक उघडतों, आणि तें संपलें कीं शिक्षण झालें, असें मानतों!

आपल्याच डहाणू तालुक्यांत निराळा मार्ग चोखाळला गेला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ताराबाई व अनुताई वाघ यांनीं आदिवासी मुलाला काय यावयास हवें, हें प्रथम पाहिलें. मूल गुरें राखावयास जाई, म्हणून शाळाच कुरणांत नेली; दगड, पानें, बिया हींच शिकण्याचीं साधनें झालीं. साध्य ठरलें, तेव्हां साधन सांपडलें.

२०२१ सालच्या 'निपुण भारत' मोहिमेनेंहि तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें व साधें गणित करतां यावें, असें ध्येय ठेविलें.

ज्यास पाढे मुखोद्गत आहेत, परंतु आईनें विकलेल्या मासळीचा हिशेब मांडतां येत नाहीं, त्याची परीक्षा झाली. शिक्षण झालें नाहीं. त्याच्या आईची फसवणूक मात्र उद्यांहि तशीच चालूं राहील.

म्हणून शिक्षकांनो, धडा निवडण्यापूर्वीं त्याचें फळ ठरवा, आणि परीक्षेंत तेंच पारखा. आईबापांनो, आज घरीं मुलाला 'किती गुण मिळाले?' असें विचारूं नका. 'आतां तुला काय करतां येतें?' असें विचारा.