मुक्त आज्ञावलीचें ऋण

पैठण येथें शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथ महाराजांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलेवरून नक्कल होत गेल्यानें पोथ्यांत अपपाठ शिरले होते. ते दूर करण्याचें हें कार्य होतें. पोथी उतरवून घेण्यास आडकाठी नव्हती. परंतु जो उतरवून देतो त्यानें मूळ ग्रंथ कर्त्याच्या नांवासह पुढील हातीं निर्मळ पोंचवावा, हा धडा गोदातीरास तेव्हांपासून ठाऊक आहे. त्याच गोदेच्या कांठीं वसलेल्या नांदेडास आणि शेजारच्या लातुरास तोच धडा आज निराळ्या पोथीच्या निमित्तानें आठवावा लागत आहे. ही पोथी म्हणजे संगणकाची मुक्त आज्ञावली होय.

नांदेडास १९८१ पासून श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. १९९४ सालीं स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचें उपकेंद्र लातुरास आहे. अशा विद्यानगरांत लिनक्ससारखी प्रणाली एका हातून दुसऱ्या हातीं सहज जाते. समजा, लातुरांतील एका दुकानदारानें वीस जुन्या संगणकांवर लिनक्स प्रणाली चढविली, शाळेच्या सोयीसाठीं तींत स्वतः कांहीं फेरफार केले आणि ते संगणक एका शाळेस विकले. ही चोरी झाली काय? मुळींच नाहीं. त्यानें पैसे घेतले, हें तरी गैर काय? तेंही नाहीं. मग त्याच्यावर कोणतेंच बंधन उरलें नाहीं काय? घोटाळा होतो तो येथें. मुक्त म्हणजे बेवारस, अशी समजूत रूढ आहे, आणि ती चुकीची आहे.

भारताच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाची आज्ञावली वाङ्मयकृतींत गणली जाते. म्हणून तिची प्रत काढून वाटण्यास धन्याची अनुज्ञा लागते. मुक्त आज्ञावलीचा कर्ता ही अनुज्ञा सर्वांस आगाऊ देऊन ठेवतो. मात्र कांहीं अटींवर. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं सिद्ध केलेला ‘जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स’ हा अशा परवान्यांतील प्रमुख होय. त्याची दुसरी आवृत्ति १९९१ सालीं व तिसरी २००७ सालीं निघाली. लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीखालीं वाटला जातो.

घरीं बसून जो वापर करतो, स्वतःपुरता फेरफार करतो, त्याच्यावर हा परवाना भार घालीत नाहीं. कर्तव्य उत्पन्न होतें तें दुसऱ्यास देतांना. आपल्या दुकानदारानें प्रथम परवान्याचा मजकूर व कर्त्यांची नांवें शाळेस द्यावीं. फेरफार कोणता व केव्हां केला, त्याची नोंद ठेवावी. मूळ संहिता, म्हणजे माणसास वाचतां व सुधारतां येईल असें आज्ञावलीचें रूप, स्वतःच्या फेरफारांसह बरोबर द्यावी. अथवा मागेल त्यास ती देण्याचें किमान तीन वर्षांचें लेखी वचन द्यावें. आणि आपणांस मिळालेली मोकळीक घेणाराकडून हिरावून घेऊं नये. सर्वच परवाने इतके कडक नसतात. ‘एमआयटी’ परवाना हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर कायम राखण्यावरच संतुष्ट होतो.

देवनागरी टंकांचीही हीच गोष्ट. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ टंक ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खालीं मिळतो. त्यांत छापलेल्या पुस्तकावर कोणतेंही बंधन नाहीं. दुसऱ्या आज्ञावलीसोबत टंक देतां येतो, पण नुसता टंक विकतां येत नाहीं. कर्त्यानें टंकाचें नांव राखून ठेवलें असल्यास, बदललेल्या टंकास तें नांवही देतां येत नाहीं.

पैसा न घेणाऱ्या कर्त्याच्या अटी न्यायालय मानील काय, ही शंका स्वाभाविक आहे. अमेरिकेंत जेकबसेन विरुद्ध कॅट्झर या खटल्यांत तिचें उत्तर मिळालें. नमुना-आगगाड्या चालविण्याच्या एका विनामूल्य आज्ञावलीचा अंश कर्त्याच्या नांवावांचून व फेरफारांच्या नोंदीवांचून वापरल्याचा तो वाद होता. अशा अटींचा भंग हा कॉपीराइटचा भंग ठरूं शकतो, असा निर्णय तेथील अपील न्यायालयानें २००८ सालीं दिला. तथापि परवाना सूडबुद्धीचा नाहीं. तिसऱ्या आवृत्तीप्रमाणें, पहिल्याच चुकीची सूचना मिळाल्यावर तीस दिवसांत ती सुधारणाराचे हक्क कायम राहतात.

परंतु खरें नुकसान न्यायालयाबाहेर होतें. चार वर्षांनीं तो दुकानदार धंदा बंद करील, आणि संगणकांत बिघाड होईल. मूळ संहिता शाळेच्या कपाटांत असेल, तर नांदेडचा एखादा विद्यार्थी ती वाचून दोष काढील. ती नसेल, तर आज्ञावली मुक्त असूनही शाळा परावलंबीच राहील, आणि तिच्या तुटपुंज्या निधींतून पुन्हां नवी खरेदी करावी लागेल. ज्या उदारपणामुळें दुकानदाराचा धंदा चालला, त्याचा ओघ त्याच्याच उंबरठ्यावर आटेल.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या हातीं अँड्रॉइड फोन आहे, त्यांनीं त्याच्या सेटिंग्जमधील कायदेविषयक माहिती एकदां उघडून पाहावी. फोनच्या पोटांतही लिनक्सचाच गाभा आहे, आणि तेथें परवान्यांची व हक्कधारकांची लांबलचक यादी आढळते. वीस संगणक विकणाऱ्या दुकानदाराकडूनही परवाना हेंच मागतो, आणि त्यासोबत मूळ संहिताही.