दोरी घेऊन बांधावर चला
(मुरबाड तालुक्यातल्या शिबिरातलं बोलणं)

मी बारावी, गणितात काठावर पास. तरी आज मोजणीचंच बोलणार.

आमची आजी म्हणते, आपलं वरकस पायलीचं. म्हणजे पायलीभर बी पुरतं एवढं. तिचं माप खरंच आहे, पण वनहक्काच्या दाव्याला हेक्टर-आर लागतं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर.

आमच्या मोजणीला आलेला माणूस ऊन लागलं म्हणून वरच्या बांधावर चढलाच नाही. मशीन घेऊन मधूनच वळला. बाबांनी अंगठा दिला. वरचा तुकडा कागदावर आलाच नाही.

म्हणून १० मीटरची दोरी घ्या. दहा बाय दहाचा चौकोन म्हणजे १ आर. असे १०० आर म्हणजे १ हेक्टर. जुना गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, आरपेक्षा जरासा मोठा.

नुसता बांध मोजून भागत नाही. दोन प्लॉट घ्या, दोन्हींचा बांध फिरून ४०० मीटर. एक १०० बाय १००, तो १०० आर. दुसरा १५० बाय ५०, तो ७५ आरच! चाल तेवढीच, जमीन २५ आर कमी.

वाकडा प्लॉट त्रिकोणांत तोडा. पाया गुणिले उंची, त्याच्या निम्मं. उतारावर दोरी आडवी सरळ धरा, जमिनीला टेकवू नका, कारण नकाशा सपाट असतो.

समिती स्थळपाहणीला येईल तेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर घरचं माणूस उभं करा, बायाही. आकडा वाचून घ्या, मगच अंगठा.

दोरी माझ्याकडं आहे. रविवारी पहिलं कुणाच्या वरकसावर जायचं ते आत्ताच सांगा.