आग्वाद : पाण्याचा आणि पहाऱ्याचा किल्ला





मांडवी समुद्राला मिळते तेथे, बार्देशच्या भूशिरावर, पोर्तुगीजांनी इ. स. १६१२ मध्ये हा किल्ला पूर्ण केला. त्या काळी राजधानी आजच्या जुन्या गोव्यात, याच नदीच्या काठी होती. नदीचे मुख राखणे म्हणजेच राजधानी राखणे. भय मुख्यतः डच आरमाराचे होते. तटावर ७९ तोफा होत्या असे सांगतात. परंतु किल्ल्याला नाव मिळाले ते पाण्यावरून. ‘आग्वाद’ म्हणजे जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. वरच्या कोटातील टाक्यात तेवीस लाख गॅलनांहून अधिक पाणी मावे, असे म्हणतात. महिनोन्‌महिने समुद्रावर काढलेल्या खलाशांना त्या पाण्याचे मोल तोफांहून कमी नव्हते.

१६३६ पासून काही वर्षे डचांनी या मुखासमोर नाकेबंदी केली. मांडवीत त्यांचा शिरकाव झाला नाही. गोव्याचा व्यापार मात्र खालावला. दार राखता आले, वाट राखता आली नाही. १७३९ मध्ये मराठ्यांनी बार्देश व्यापला, तेव्हाही आग्वाद आणि रेइश मागुश हे किल्ले पोर्तुगीजांकडेच राहिले.

समुद्रावरच्या शत्रूसाठी बांधलेल्या या तटांनी विसाव्या शतकात मात्र आतल्या माणसांवर पहारा केला. सालाझारच्या राजवटीत येथे तुरुंग होता. १९४६ मध्ये त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा येथे बंदिवान होते; १९५५ च्या सत्याग्रहानंतर ना. ग. गोरे आणि त्रिदिब चौधरी यांनीही येथील कारावास भोगला. १९ डिसेंबर १९६१ रोजी येथील कैद्यांना सोडविताना मेजर शिवदेवसिंग सिधू यांना वीरमरण आले. पुढे, २०१५ मध्ये तुरुंग कोलवाळला गेला आणि २०२१ मध्ये ही वास्तू संग्रहालय म्हणून खुली झाली.

मित्रहो, तोफांची संख्या सहज सांगितली जाते. कोठडीतल्या दिवसांचा हिशेब दगडावर उमटत नाही. तो कोणी तरी लिहावा लागतो आणि लिहिलेला जपावा लागतो. सत्याग्रहींच्या आठवणींची पुस्तके आज जीर्ण होऊ लागली आहेत. किल्ल्याच्या भिंती सरकार सांभाळील. ती पाने सांभाळणे हे आपल्यासारख्या ग्रंथालयांचे काम आहे. आपल्या ग्रंथालयाने दुसऱ्या शतकात हे व्रत चालू ठेवावे, एवढीच प्रार्थना.