ऑस्कर एकाला, पटकथा दुसऱ्याची

आज थेट एका कोड्यापासून सुरुवात करू. जो लेखक फ्रेंचमध्ये लिहायचा, त्याला इंग्रजी पटकथेचा ऑस्कर कसा मिळाला?

ही 1958 सालची गोष्ट. सिनेमा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. पडद्यावर पटकथाकार म्हणून नाव होतं पिएर बूल यांचं. मूळ कादंबरी त्यांचीच, पण पटकथा त्यांनी लिहिलीच नव्हती! ती होती कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन या दोघांची. मग त्यांची नावं का नाहीत? कारण दोघंही हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते.

आज बोलायचंय ते या विल्सनबद्दल.

1951 साल. अमेरिकेत कम्युनिस्टांना हुडकून काढायचं वारं जोरात होतं. संसदेची एक समिती सिनेमावाल्यांना बोलावून विचारायची, तुम्ही पक्षात होता का? आणखी कोण कोण होतं? नावं सांगितली तर काम चालू, नाहीतर दारं बंद. विल्सननं उत्तर द्यायला नकार दिला. गंमत बघा, पुढच्याच वर्षी, 1952 मध्ये, 'अ प्लेस इन द सन'साठी त्याला ऑस्कर मिळाला. ऑस्कर घरात, पण स्टुडिओत काम नाही!

मग तो फ्रान्सला गेला आणि नाव न लावता लिहीत राहिला. काम चालायचं, फक्त त्याचं नाव चालत नव्हतं.

त्यानं आधीच लिहिलेल्या पटकथेवरचा 'फ्रेंडली पर्सुएजन' 1956 मध्ये आला. त्यात तर पटकथाकाराचं नावच नव्हतं. जणू संवाद आपोआप उगवले! या पटकथेची ऑस्करला दखल घ्यायची वेळ आली, तेव्हा अकॅडमीचा नवा नियम आडवा आला: काळ्या यादीतले लेखक अपात्र. हा नियम 1959 मध्ये रद्द झाला.

पण नियम गेला म्हणून नाव परत येतंच असं नाही. 1962 चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' घ्या. विल्सननं त्यावर भरपूर काम केलं होतं, पण पडद्यावर एकट्या रॉबर्ट बोल्टचं नाव आलं. विल्सननं दाद मागितली. ब्रिटनमधल्या लेखक संघटनेनं त्याची बाजू मान्य केली, तरी सिनेमात नाव काही लागलं नाही.

पुढे 1968 मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स'वर रॉड सर्लिंगसोबत त्याचं नाव उघडपणे झळकलं. तोवर ऐन उमेदीची कितीतरी वर्षं गेली होती. 1978 मध्ये विल्सन वारला.

'क्वाय'चा ऑस्कर त्याच्या आणि फोरमनच्या नावावर लागला तो 1984 मध्ये. 'लॉरेन्स'चं श्रेय अमेरिकन लेखक संघटनेनं मान्य केलं 1995 मध्ये. म्हणजे सिनेमा आल्यानंतर तब्बल 33 वर्षांनी!

मला यातली एक गोष्ट फार टोचते. विल्सनचं लिखाण कुणालाच नको नव्हतं. निर्मात्यांना हवं होतं, प्रेक्षकांना आवडत होतं, बक्षिसंही मिळत होती. नको होता तो फक्त माणूस. आणि त्या माणसाला हे सगळं टाळता आलं असतं. मित्रांची नावं सांगायची, बस्स! त्यानं ती सांगितली नाहीत, आणि स्वतःचं नाव घालवलं.

तेव्हा आज रात्री सिनेमा संपला की लगेच 'स्किप' दाबू नका. वर सरकणाऱ्या नावांत लेखकाचं नाव शोधा. 'क्वाय' बघणार असाल, तर आता तुम्हाला माहितीये कुणाचं नाव घ्यायचं.

भेटू पुढच्या भागात!