घमेल्यातला पिझ्झा

आजचा एपिसोड पातूरहून, थेट आमच्या घरून. मागे घरघर ऐकू येतेय ना, तो कुलर आहे. मे महिना आहे आणि गाव अकोला जिल्ह्यातलं आहे, त्यामुळे तो बंद करा असं कोणीही म्हणू नका.

तर झालं असं. मार्चमध्ये माझी पुण्यातली नोकरी गेली. पंधरा मिनिटांची मीटिंग, मग लॅपटॉप परत. घरी आलो. आई रडली, बाबा काहीच बोलले नाहीत. दोन महिने आमचं बोलणं म्हणजे 'जेवला?' आणि 'हो'. अशात बहिणीची बारावीची परीक्षा संपली आणि तिनं फर्मान काढलं, "दादा, तिकडं लय पिझ्झे खाल्ले तू. आता मले करून दे. बेसच्या पाकिटाचा नाही हं, खरा."

त्या पाकिटाच्या पिझ्झ्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडच्या गाड्यांवर मिळतो तो, म्हणजे तयार बेस, टोमॅटो सॉस, बारीक चिरलेला कोबी, शिमला मिरची, वर किसलेलं चीज आणि तव्यावर झाकण. काही ठिकाणी वरून सांबार पण. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.) भारतात मोठ्या कंपन्यांचे पिझ्झे आले १९९६ मध्ये, पण छोट्या गावांत पिझ्झा म्हणजे काय हे या गाड्यांनीच ठरवलं. ती एक वेगळी स्टाईलच आहे, माझ्या मते. फक्त भाकरीसारखी खरपूस कड आणि काळे डाग पाहिजे असतील, तर ते तव्यावर होत नाही.

कारण साधं आहे. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तापमान साडेचारशे अंशांच्या आसपास असतं आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. घरच्या ओटीजीचा काटा अडीचशेला थांबतो. तिथं पिझ्झा भाजायला इतका वेळ लागतो की तोवर पीठ वाळून टोस्ट होतं. मग विस्तव हाच उपाय. सिमेंटचं जुनं लोखंडी घमेलं घासून घेतलं, चार विटा मांडल्या, वेल्डिंगवाल्याकडून साध्या सळ्यांची जाळी करून आणली. कुलरची किंवा जस्ताचा मुलामा असलेली कुठलीच जाळी घेऊ नका, तापली की त्याचा धूर घातक असतो.

पहिला प्रयत्न सपशेल पडला. रेसिपीत लिहिलं होतं, 'पीठ आठ तास रूम टेम्परेचरला ठेवा'. त्यांची रूम वीस-बावीस अंशांची, आमची चाळीसची! दुपारी बघतो तर पीठ परातीबाहेर, आंबट वास, हाताला चिकट. कोड एका मशीनवर चालतो आणि दुसरीवर नाही, तसा प्रकार. आता माझं माप असं आहे: अर्धा किलो मैदा, तीनशे मिली गार पाणी, दहा ग्रॅम मीठ आणि इन्स्टंट यीस्ट फक्त एक ग्रॅम, म्हणजे पाव चमच्यापेक्षा थोडं जास्त. मळायचं, झाकायचं आणि चोवीस तास फ्रीजमध्ये. करायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढायचं, आपल्याकडे तेवढं पुरतं.

दुसऱ्या प्रयत्नात घरातला कडप्प्याचा तुकडा दगड म्हणून ठेवला. तापल्यावर फाटकन फुटला. आई आतून ओरडली. तो नाद सोडला.

तिसऱ्या वेळी थेट जाळीवर भाजायचं ठरवलं. ही काही माझी आयडिया नाही. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात अल फोर्नो नावाचं हॉटेल १९८० मध्ये सुरू झालं, जाळीवरचा पिझ्झा हीच त्याची ओळख. पीठ पसरायचं, तेल लावायचं, जाळीवर टाकायचं, उलटायचं आणि भाजलेल्या बाजूवर टॉपिंग. मी तसंच केलं. खालून कोळसा, वरून चीज तसंच्या तसं.

बाबा खाटेवर बसून बघत होते. शेवटी राहवलं नाही त्यांना.

"अबे, जाळावर काय भाजून रायला? जाळ पडू दे. इंगळावर राख धरू दे, मंग टाक. आन् वरूनही इंगळ दे. रोडगा का एका बाजूनं भाजते काय?"

आता रोडगे म्हटल्यावर वऱ्हाडातल्या लोकांना सांगायला नको. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप आणि सोबत वांग्याची भाजी. नवस फेडायचा तर रोडगेच. एकनाथांच्या भारुडातही रोडगाच आहे! बाबांनी शेकडो माणसांच्या पंगतीला रोडगे भाजलेत आणि मी त्यांच्यासमोर यूट्यूब बघून विस्तव करत होतो.

ते उठले. बाभळीचा कोळसा घमेल्याच्या एका बाजूला ओढला, दुसरी बाजू मोकळी ठेवली. पीठ आधी निखाऱ्यांवर दीड मिनिट. उलटून मोकळ्या बाजूला घेतलं, त्यावर मीठ लावून पाणी काढलेला टोमॅटो, भाजलेलं वांगं, मोझरेला, थोडा ठेचा. (प्रोसेस्ड चीज वितळतं, पण ताणत नाही.) मग चार बोटं वर, विटांवर जाड लोखंडी तवा आणि त्या तव्यावर निखारे. तीन मिनिटं. चीजला फोड आले, कडेला काळे डाग.

बहिणीनं पहिला तुकडा खाल्ला आणि काही न बोलता दुसरा उचलला. बाबांना वांगं कमी वाटलं. सहा पिझ्झे झाले, शेवटचे दोन त्यांनीच भाजले.

सगळे झोपायला गेल्यावर आम्ही दोघंच विस्तवाजवळ होतो. त्यांनी चिमट्यानं राख सारखी केली आणि विचारलं, "कंपनीनं नेमकं काय सांगतलं तुले?"

मी सांगितलं. सगळं. मीटिंग, पंधरा मिनिटं, ईएमआय, सगळं.

विस्तव विझेपर्यंत बसलो होतो.

चला, कुलरमध्ये पाणी टाकायचंय. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.